माकडताप आणि ‘उत्तरेकडील पाहुणा’ : एका गोचीडजन्य रोगाच्या इतिहासाचा चिकित्सक अभ्यास (१९५७ ते २०१६)

प्रस्तावना

रोगाचा इतिहास हा केवळ जंतूंचा इतिहास नसतो. रोग कोठून आला, तो कोणामुळे पसरला आणि त्याच्यावर उपाय कोणता, या प्रश्नांना समाजाने त्या त्या काळी दिलेल्या उत्तरांचाही तो इतिहास असतो. या दृष्टीने पश्चिम घाटातील माकडताप या रोगाचा विचार उद्बोधक ठरतो. २०१६ च्या जानेवारीत सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यातील केर या गावी तापाचे रुग्ण आढळू लागले. त्यांच्या रक्तनमुन्यांच्या तपासणीतून हा क्यासानूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजेच माकडताप असल्याचे निश्चित झाले. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने ही घटना नवी होती. रोग मात्र नवा नव्हता. त्याचा विषाणू जगात सर्वप्रथम ओळखला गेला तो १९५७ मध्ये, आणि तोही पुण्यातील एका संस्थेच्या शास्त्रज्ञांकडून.

ज्या रोगाची ओळख पुण्यातील शास्त्रज्ञांनी पटवली, त्याच रोगाला जवळपास साठ वर्षांनंतर महाराष्ट्रातील गावकऱ्यांनी अनपेक्षित आपत्ती म्हणून सामोरे जावे, हे कसे घडले? प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) माकडतापाच्या शोधाची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) रोगाच्या उगमाविषयी मांडल्या गेलेल्या ‘उत्तरेकडून आगमन’ या कल्पनेची चिकित्सा करणे.
३) जमीनवापरातील बदल आणि गोचीडजन्य रोग यांचा संबंध तपासणे.
४) पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात या इतिहासाचे औचित्य विशद करणे.

दोन संस्था, दोन दिशा

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात पुणे परिसरात आरोग्याच्या क्षेत्रात दोन महत्त्वाच्या संस्था उभ्या राहिल्या. १९५२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर स्थापन झाले. १९७८ मध्ये या केंद्राला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा दर्जा मिळाला. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिनच्या उत्पादनापासून सुरू झालेल्या या कारखान्याभोवती पुढे पिंपरीची औद्योगिक वसाहत आकाराला आली.

या दोन संस्थांमागे आरोग्याविषयीच्या दोन भिन्न दिशा होत्या. कारखान्याची दिशा उत्पादनाची होती. रोगाचे कारण ठाऊक आहे, औषध ठाऊक आहे, ते पुरेशा प्रमाणात व स्वस्त दरात तयार करून लोकांपर्यंत पोहोचवायचे आहे, ही तिची धारणा होती. संशोधन केंद्राची दिशा शोधाची होती. कोणते विषाणू कोणत्या प्राण्यांत, कोणत्या डासांत वा गोचिडींत वावरतात, हे अद्याप कोणालाच ठाऊक नव्हते आणि ते रानावनांत जाऊन शोधायचे होते. विषाणूजन्य तापावर पेनिसिलिनचा उपयोग होत नाही. त्यामुळे माकडतापाच्या बाबतीत पहिल्या दिशेचा उपयोग मर्यादित होता आणि खरी भिस्त दुसऱ्या दिशेवर होती.

१९५७ : मृत माकडे आणि एक भीती

१९५७ च्या वसंत ऋतूत तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात, क्यासानूर या राखीव जंगलाच्या परिसरात माकडे मरून पडत असल्याच्या वार्ता येऊ लागल्या. त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांत तीव्र तापाचे रुग्ण आढळत होते. प्रारंभी हा ताप विषमज्वराचा प्रकार असावा असे मानले गेले. माणसे आणि माकडे एकाच वेळी मरत आहेत हे लक्षात आल्यावर मात्र संशोधकांच्या मनात निराळीच भीती निर्माण झाली. दक्षिण अमेरिकेत माकडांचे मृत्यू ही पीतज्वराची पूर्वसूचना मानली जाते. आशिया खंडात पीतज्वराचा शिरकाव कधीही झालेला नव्हता. तो झाला असेल तर अनर्थ ओढवणार होता.

व्हायरस रिसर्च सेंटरचे तत्कालीन संचालक टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी हॅरल्ड ट्रॅपिडो यांच्या पथकाने तातडीने तपास हाती घेतला. पी. एन. भट्ट, के. जी. कुलकर्णी इत्यादी भारतीय संशोधक या कार्यात सहभागी होते. मृत माकडांपासून विषाणू वेगळा करण्यात आला. तो पीतज्वराचा नव्हता. पुढे हाच विषाणू रुग्णांच्या रक्तात आणि जंगलातील गोचिडींतही आढळला. ज्या जंगलाच्या परिसरात त्याचा शोध लागला, त्याचेच नाव रोगाला देण्यात आले. स्थानिक कन्नडभाषक मात्र त्याला ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडाचा रोग म्हणू लागले. मराठीतील ‘माकडताप’ हा शब्दही याच अर्थाचा आहे.

लोकभाषेतील हे नाव एका निरीक्षणावर आधारलेले असले तरी ते दिशाभूल करणारे आहे. माकड हे या रोगाचे कारण नसून माणसासारखाच त्याचा बळी आहे. रोगाचा वाहक असते ती गोचीड, प्रामुख्याने हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या जातीची.

उत्तरेकडील भावंड

प्रयोगशाळेतील तपासणीत एक आश्चर्यकारक बाब पुढे आली. क्यासानूरचा विषाणू हा रशियन वसंत-ग्रीष्म मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा नातलग होता. हा मेंदूज्वर सैबेरिया आणि अतिपूर्व रशियातील तैगा अरण्यांचा रोग होय. १९३७ मध्ये लेव झिल्बर यांच्या नेतृत्वाखालील सोव्हिएत मोहिमेने त्याचा विषाणू शोधून काढला आणि इक्झोडीस परसुलकेटस ही गोचीड त्याची वाहक असल्याचे दाखवून दिले. या शोधाची किंमत मोठी होती. मोहिमेतील तरुण संशोधक मिखाइल चुमाकोव्ह यांना याच रोगाची लागण होऊन कायमचे अपंगत्व आले, तर खुद्द झिल्बर यांना परतल्यानंतर स्टालिनच्या राजवटीत अटक झाली.

बर्फाळ उत्तरेतील रोगाचे भावंड दक्षिण भारतातील उष्ण, दमट जंगलात कसे, हा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला. या प्रश्नाचे दोन परिणाम झाले. पहिला परिणाम उपचाराच्या क्षेत्रात दिसतो. दोन्ही विषाणू परस्परांच्या इतके जवळचे असतील तर रशियन मेंदूज्वराविरुद्धची लस येथेही उपयोगी पडेल, या अपेक्षेने १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिमोगा भागात ती लस देण्यात आली. तिच्यामुळे अपेक्षित संरक्षण मिळाले नाही. नाते होते, परंतु ते पुरेसे जवळचे नव्हते.

पक्ष्यांचा माग

दुसरा परिणाम अधिक दूरगामी होता. दर हिवाळ्यात उत्तर आणि मध्य आशियातून असंख्य पक्षी भारतात येतात. त्यांच्या अंगावर गोचिडी असू शकतात. तेव्हा हा विषाणू पक्ष्यांनीच उत्तरेकडून आणला असेल काय, अशी शंका घेतली गेली. या शंकेच्या निरसनासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९-६० च्या सुमारास डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास हाती घेतला. पक्षी पकडणे, त्यांच्या पायांत क्रमांकित कडी अडकवणे आणि त्यांच्या अंगावरील गोचिडी गोळा करणे, असे या कामाचे स्वरूप होते. भारतातील शास्त्रशुद्ध पक्षी-कडीकरणाला या प्रकल्पामुळे मोठी चालना मिळाली, ही त्याची निर्विवाद फलश्रुती होय.

पुढे या कामासाठी अमेरिकन लष्कराशी संबंधित संशोधन कार्यक्रमातूनही निधी आला. शीतयुद्धाच्या काळात या संबंधाकडे संशयाने पाहिले जाणे अपरिहार्य होते. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात वृत्तपत्रांतून आणि संसदेत त्यावर टीका झाली. जैविक युद्धासाठी ही माहिती वापरली जाईल, असा आक्षेप घेण्यात आला. संसदेच्या लोकलेखा समितीनेही परकीय सहकार्याने चालणाऱ्या संशोधन प्रकल्पांविषयीच्या आपल्या अहवालात या प्रकल्पाचा परामर्श घेतला. सालिम अली यांनी हे आरोप अमान्य केले. या सर्व वादात मूळ वैज्ञानिक प्रश्न मात्र मागे पडला. पक्ष्यांनी हा विषाणू उत्तरेकडून आणला, असा निर्णायक पुरावा या अभ्यासातून मिळाला नाही.

नंतरच्या काळातील संशोधनाने तर शोधाची दिशाच बदलली. १९९० च्या दशकाच्या मध्यास सौदी अरेबियातील जेद्दा येथे अलखुर्मा नावाचा विषाणू आढळला. क्यासानूर विषाणूचा तो सर्वांत जवळचा नातलग ठरला. या दोहोंची फारकत केव्हा झाली असावी याविषयी जनुकीय अभ्यासकांची अनुमाने काही दशकांपासून काही शतकांपर्यंत भिन्न आहेत. सारांश, ‘उत्तरेकडील पाहुणा’ ही कल्पना त्या काळच्या ज्ञानाशी सुसंगत होती, तर्कशुद्धही होती. परंतु या कल्पनेमुळे रोगाचे कारण बाहेरून आलेल्या घटकात शोधले गेले.

बोशेल यांचे उत्तर : गुरे, गोचिडी आणि जंगलाचा काठ

रोग कोठून आला यापेक्षा तो १९५७ मध्येच का भडकला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होता. त्याला उत्तर देण्याचा महत्त्वपूर्ण प्रयत्न पुण्याच्या केंद्रात काम केलेल्या होर्हे बोशेल या कोलंबियन संशोधकाने केला. दक्षिण अमेरिकेतील जंगलातील पीतज्वराचा त्यांना अनुभव होता. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखात त्यांनी रोगाचा संबंध माणसाने जंगलात केलेल्या हस्तक्षेपाशी जोडला.

त्यांच्या प्रतिपादनाचे मर्म समजण्यासाठी गोचिडीचे जीवनचक्र लक्षात घ्यावे लागते. अंड्यातून बाहेर पडलेली अळी, त्यानंतरची निम्फ ही अवस्था आणि शेवटी प्रौढ गोचीड, अशा तीन टप्प्यांत ती वाढते आणि प्रत्येक टप्प्यावर तिला एकदा रक्ताची गरज असते. पावसाळ्यात प्रौढ गोचिडी मोठ्या प्राण्यांचे रक्त शोषतात. पावसाळा सरल्यावर अळ्या आणि पुढे हिवाळा-उन्हाळ्यात निम्फ उंदीर, चिचुंद्री, माकडे यांच्या अंगावर चढतात. निम्फ अवस्थेतील गोचीड अत्यंत लहान असते व माणसाला सहज चावते. म्हणूनच रोगाचा हंगाम साधारणतः डिसेंबर ते मे असा असतो.

मूळच्या घनदाट जंगलात मोठे प्राणी विरळ असल्याने प्रौढ गोचिडींची संख्या मर्यादित राहत असे. जंगलाच्या काठावर शेती वाढली, वस्ती वाढली आणि गुरे रोज जंगलात चरू लागली, तेव्हा प्रौढ गोचिडींना मुबलक रक्त मिळू लागले. गुरे स्वतः या रोगाने फारशी आजारी पडत नाहीत आणि त्यांच्या रक्तातून विषाणूचा प्रसारही विशेष होत नाही. परंतु ती गोचिडींची संख्या वाढवतात. या वाढलेल्या गोचिडींमध्ये विषाणू शिरला की माकडांत तो झपाट्याने वाढतो. माकड मरून पडले की त्याच्या अंगावरील गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा धोक्याची बनते. त्या जागेवरून सरपणासाठी जाणारी स्त्री, गुराखी मुलगा किंवा मजूर हा गोचिडीचा पुढचा यजमान ठरतो. माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही. माणूस या साखळीचे शेवटचे टोक असतो.

काजूबागेचा मार्ग

बोशेल यांच्या विवेचनाची सत्यता पुढील दशकांत अनेकदा दिसून आली. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात काजू लागवडीसाठी जंगलतोड झाल्यानंतर माकडतापाचा मोठा उद्रेक झाला. २०१२ नंतर हा रोग कर्नाटकातील जुन्या पट्ट्याबाहेर तामिळनाडू व केरळ या राज्यांत आढळला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये दोडामार्ग परिसरात त्याची नोंद झाली. गोव्यातील काजू कामगारांना कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लागणीविषयी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये स्वतंत्र अभ्यासही प्रसिद्ध केला.

येथे ऋतू आणि उपजीविका यांचा मेळ लक्षणीय आहे. कोकणात काजूचा हंगाम उन्हाळ्याच्या सुमारास असतो. गळून पडलेले बोंडू वेचण्यासाठी वाळलेल्या पानांत हात घालावा लागतो. भाजावळीसाठी पातेरा गोळा करण्याचे कामही कोरड्या ऋतूतच होते. निम्फ अवस्थेतील गोचिडींचा सुकाळ नेमका याच दिवसांत असतो. अर्थात रोगाचा धोका सर्वांना सारखा नाही. बागेच्या मालकापेक्षा बोंडू वेचणाऱ्या मजुराला, आणि बाजारातून इंधन आणणाऱ्यापेक्षा रानातून सरपण आणणाऱ्या स्त्रीला तो अधिक आहे.

मात्र रोग २०१६ मध्ये महाराष्ट्रात ‘आला’ असे म्हणताना इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहणे आवश्यक आहे. १९६० च्या दशकात सौराष्ट्र व कच्छमधील लोकांच्या रक्तातही या किंवा याच्याशी संबंधित विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली होती. म्हणजे रोगाची नोंद नसलेल्या प्रदेशातही अशा विषाणूचा वावर असू शकतो. नोंद ही तपासणीवर अवलंबून असते. जेथे तपासणीच होत नाही, तेथे ताप हा केवळ ‘ताप’ राहतो.

लशीचा चढउतार

क्यासानूर विषाणूपासूनच तयार केलेल्या निष्क्रिय लशीच्या क्षेत्रीय चाचण्या १९९० ते १९९२ या काळात कर्नाटकात झाल्या आणि तेथे तिचा नियमित वापर सुरू झाला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मूल्यमापनानुसार दोन मात्रा घेतलेल्यांत तिची परिणामकारकता सुमारे ६२ टक्के, तर वर्धक मात्रेनंतर सुमारे ८३ टक्के होती. पुन्हा पुन्हा घ्यावी लागणारी व वेदनादायक असणारी ही लस सर्व मात्रांसह घेणाऱ्यांचे प्रमाण कमी राहिले. तिच्या परिणामकारकतेविषयी प्रश्न निर्माण होऊन २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनोलॉजिकल्स यांनी नव्या लशीचे काम हाती घेतले.

लशीचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. या रोगावर विशिष्ट औषध नाही आणि रुग्णांपैकी सुमारे तीन ते पाच टक्के दगावतात. परंतु लस नसतानाही जे करता येते, त्याचे ज्ञान १९६० च्या दशकापासून उपलब्ध होते. मृत माकडाची तत्काळ नोंद करणे, त्या जागेभोवती कीटकनाशक धुरळणे, अंग झाकणारे कपडे व गोचीडप्रतिबंधक मलम वापरणे, जंगलातून परतल्यावर गरम पाण्याने स्नान करणे, हे उपाय साधे आहेत. ते कारखान्यात तयार होत नाहीत. ते गावातील आरोग्यसेवक, वनरक्षक आणि शिक्षक यांच्या परस्पर संपर्कातून घडतात.

औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात

पिंपरी-चिंचवड व चाकण हा जंगलाचा प्रदेश नाही आणि येथे माकडतापाचे क्षेत्र नाही. तरीही या इतिहासाशी त्याचा संबंध आहे. अतिधोकादायक विषाणूंच्या अभ्यासासाठी देशातील सर्वोच्च जैवसुरक्षा स्तराची प्रयोगशाळा २०१२ च्या अखेरीस पुण्यातील पाषाण येथे सुरू झाली. २०११ मध्ये गुजरातेत गोचीडजन्य क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप प्रथमच आढळला, तेव्हाही निदान पुण्याच्याच संस्थेने केले होते. पाषाणपासून हा औद्योगिक पट्टा फार दूर नाही.

दुसरीकडे, या पट्ट्यातील कारखान्यांत कोकणातून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. शिमगा आणि उन्हाळ्याची सुटी या दोन्ही वेळी ते गावी जातात. हे दोन्ही प्रसंग माकडतापाच्या हंगामात येतात. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः तीन ते आठ दिवस जातात. एवढ्या अवधीत गावी गेलेला कामगार पुन्हा आपल्या पाळीवर हजर झालेला असतो. अशा वेळी तीव्र ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी घेऊन तो दवाखान्यात गेला, तर डेंग्यूची तपासणी होईल. ‘गेल्या आठवड्यात गावी, रानात वा बागेत गेला होतात का?’ हा एक प्रश्न विचारला गेला तरच पुढील तपासणीचा मार्ग खुला होईल.

निष्कर्ष

१) माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये पुण्यातील शास्त्रज्ञांनी ओळखला, परंतु हे ज्ञान दीर्घकाळ एका राज्याच्या एका जिल्ह्याचा प्रश्न म्हणून मर्यादित राहिले. जंगल सलग असले तरी आरोग्ययंत्रणा राज्यांच्या सीमांनुसार विभागलेली होती.

२) ‘उत्तरेकडून आगमन’ या कल्पनेने पक्षिशास्त्राला समृद्ध केले, पण रोगाच्या उद्रेकाचे स्पष्टीकरण तिच्यातून मिळाले नाही. ते स्पष्टीकरण जंगलाच्या काठावरील गुरे, लागवड आणि श्रम यांच्या बदलत्या संबंधांतून मिळते.

३) लशीवरील अवलंबित्वामुळे निरीक्षण व लोकशिक्षण या उपायांना दुय्यम स्थान मिळण्याचा धोका असतो. लशीचा वापर थांबल्यानंतर हे प्रकर्षाने जाणवते.

४) स्थलांतरित कामगारांच्या औद्योगिक वसाहतीत रुग्णाच्या प्रवासाची व कामाची विचारपूस ही निदानाची पहिली पायरी मानली जाणे गरजेचे आहे.

क्यासानूरच्या जंगलात मेलेल्या माकडांची वार्ता सर्वप्रथम संशोधकांनी नव्हे, तर गावकऱ्यांनी दिली होती. ती ऐकून घेणारी यंत्रणा तेव्हा होती, म्हणून विषाणू सापडला. सह्याद्रीच्या काठावरील गावांतून येणारी अशीच वार्ता ऐकून घेणारे कोणीतरी प्रत्येक हंगामात असावे, हाच या इतिहासाचा बोध होय.